मागच्या चाकाचे दात

"हारलो तर हाफ चड्डी घालीन आणि धरणगावच्या भर बाजारातून काठीनं टायर पळवीन! बोल, लागली?" जीवराम आबांनी मांडीवर थाप मारली.

"लागली!" कौतिक म्हणाला. "पण चड्डी नाडीची पाहिजे आबा. इलास्टिकवर तुमच्या पोटाचा भरवसा नाही."

अंगणात जमलेली सगळी माणसं खो खो हसली. सकाळची वेळ, निंबाचं अंगण, आणि मधोमध जॅकवर तंगडी वर करून उभी असलेली निंबाची जुनी पांढरी गाडी. धरणगाव ते जळगाव शीटा भरून चालणारी. तिचं मागचं डावं चाक पुन्हा झिजलं होतं. पुन्हा म्हणजे वर्षात तिसऱ्यांदा. बाकीची तीन चाकं धडधाकट आणि हे एकटंच गोटा. तेही आतल्या बाजूनं. बाहेरून बघाल तर टायर नवरदेवासारखा, आणि आतून वाकून बघाल तर तारा लोंबतायत.

जीवराम आबांचं म्हणणं, हे काम बाहेरचं आहे. म्हणजे भुताखेताचं. शेजारच्या कौतिकचं म्हणणं, भूत असेल तर ते मूर्ख आहे. वांग्याचं भरीत सोडून रबर कोण खातं? यावरून पैज लागली होती. आबा हारले तर आबा चड्डीत, कौतिक हारला तर कौतिक.

कौतिकचा मंडपाचा धंदा. पन्नाशी उलटली तरी गावातली निम्मी टवाळी त्याच्या नावावर जमा. कुणाच्या लग्नात फेटा बांधताना आत भेंडी ठेवील, कुणाच्या सासऱ्याला मिरचीचं पान खिलवील. त्यामुळे त्यानं काहीही म्हटलं तरी लोक आधी हसायचे आणि मग विसरायचे. हाच त्याचा मोठा आनंद होता. त्या दिवशी हाच त्याच्या गळ्याशी आला.

"अलाइनमेंट केलं का रे निंबा?" कौतिकनं विचारलं.

"दोनदा केलं नाना, जळगावला. कंप्युटरवर. बठ्ठं बरोबर शे म्हणे."

"ऐकलं?" आबा कडाडले. "मशीन सांगते गाडी बरोबर. मग चाक का झिजतं? मशीनला न दिसणारं काय असतं, सांग की!"

गर्दीनं माना हलवल्या. आणि तेवढ्यात वेशीकडून हॉर्न वाजला. आबांनी निरोप धाडून बोलावलेले फुंकर महाराज आले होते.

महाराजांची गाडीही जुनीच, फक्त तिच्या काचेवर झेंडूचा हार. पुढे ड्रायव्हर. मागे डाव्या बाजूला मखमलीची गादी टाकलेली आणि तिच्यावर महाराज. उतरले, लाल उपरणं झटकलं, अगोदर चहा मागितला, साखर जास्त सांगितली, आणि मग डोळे मिटून निंबाच्या गाडीला फेरी मारली. मागच्या डाव्या चाकापाशी येताच अंगातून वीज गेल्यासारखे थरथरले.

"हूं! हिला भूक आहे! हिला रबर नाही लागत, हिला या घराचं चालणं लागतं! चाक म्हणजे काय? चाक म्हणजे चाल! चाल खाल्ली की घर बसलं!"

"वा!" कौतिक पुटपुटला. "मग स्टेअरिंग खाल्लं असतं तर घराची दिशा गेली असती."

दोघंचौघं हसली. महाराजांनी डोळे उघडले. "हसणाऱ्यानं पुढे यावं. हात दे." त्यांनी कौतिकचा पंजा धरला आणि टायरवर ठेवला. "आतून बाहेर फिरव."

कौतिकनं फिरवला. लोण्यासारखा गेला.

"आता बाहेरून आत."

कौतिकनं हात उलटा फिरवला आणि झटकन मागे घेतला. बोटांना करवत लागावी तसं बोचलं होतं. एकामागून एक, बारीक, टोकदार.

"काय आहे?" महाराजांनी हळू विचारलं.

कौतिकनं बोटं सदऱ्याला पुसली. चेष्टा करायचं तो विसरला.

"दात!" महाराज गरजले. "या सगळ्यांनी! हात लावा! मी सांगतो म्हणून मानू नका, हात लावून बघा!"

माणसं रांगेनं आली. एका बाजूनं लोणी, दुसऱ्या बाजूनं करवत. जो हात लावायचा तो मागे सरून कपाळाला बोटं टेकवायचा. आबांनी तर दोनदा लावला.

"आता सांगा," महाराजांनी आवाज उतरवला, "या चाकावरच्या सीटवर रोज कोण बसतं?"

सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या.

तिथं डब्याची पिशवी घेऊन दिपमाला उभी होती. निंबाच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ काविळीनं गेला, त्यानंतर ती जळगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली होती. रोज जेठाच्या, म्हणजे निंबाच्या गाडीनंच जायची. गाडी लागते, उलटी होते म्हणून मागे डावी खिडकी तिची ठरलेली.

तिची सासू भिकुबाई ओट्यावरून उठली. तिचा आवाज फाटला होता. "मना पोऱ्याले खादं इनी! आते टायर खाई राहिनी!"

"मी काय खादं वो माय?" दिपमाला एवढंच म्हणाली. आजूबाजूची माणसं अशी मागे सरली, की तिचा तोल जाऊन ती महाराजांच्या गाडीपाशी खाली बसली.

महाराजांनी निकाल दिला. येत्या अमावास्येला सकाळी पूजा. हे चाक मंडपात मांडायचं, त्याच्यासमोर बाईनं डाकीण असल्याचं कबूल करायचं आणि वेशीबाहेर निघून जायचं. परत फिरायचं नाही. तिची मुलगी भूमिका मात्र घरीच राहील, कारण "आईजवळ ठेवली तर पोरीलाही दात येतील."

भूमिका पहिलीत होती. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते.

कौतिक घरी आला आणि जेवला नाही. त्याची बायको कामिनी म्हणाली, "काय झालं? आज कुणाच्या ताटात मीठ नाही टाकलं?"

"त्या पोरीच्या ताटात टाकलं ग, आम्ही सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दिपमालाला एकही गाडी घेईना. निंबानं तर चाकाला काळा दोरा बांधून गाडी अंगणातच उभी केली. ती पायी फाट्यावर गेली, एसटीत चढली, तर गावातल्या दोन बाया तिच्या शेजारून उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. जळगावपर्यंत उभ्या. शाळेत भूमिकाला पोरं म्हणाली, दात दाखव. पिठाच्या गिरणीत दिपमालाचा डबा शेवटी ठेवला आणि मग ठेवलाच नाही, परत दिला.

कौतिक पोलीस पाटलाकडे गेला. पाटील म्हणाले, "नाना, पूजा होऊ दे, मग बघू. लोकांच्या भावना आहेत." निंबाकडे गेला. निंबा वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "नाना, उद्या टायर फुटून माझ्या गाडीतली माणसं मेली तर? मी स्वतः हात लावलाय. मी काय डोळ्यांनी आंधळा आहे?"

"अरे, पण मागच्या चाकाचं अलाइनमेंट बघितलं का त्यानं?"

"मागच्याचं नसतंच. दुकानवाला म्हणाला, मागचं फिक्स असतं. पुढचंच करतात."

फिक्स असतं. हा शब्द कौतिकच्या डोक्यात घरघरत राहिला. पूजेच्या मंडपाचं काम आबांनी त्यालाच दिलं होतं, मुद्दाम, खिजवायला. तो निंबाच्या अंगणात खांब पुरत होता. खांब ओळीत आलेत का बघायला सुतळी ताणली, तर एक खांब बाहेर दिसला. गच्च पुरलेला. हलवून हलत नव्हता. फिक्स होता, आणि वाकडा होता.

कौतिक तसाच सुतळी घेऊन गाडीकडे वळला. मांडवाचं काम करणारा त्याचा गडी चिंधा म्हणाला, "नाना, तिकडे खांब नाही."

"धर तू टोक."

उजव्या बाजूनं पुढच्या चाकाला सुतळी लावून मागे ताणली. मागच्या चाकाच्या पुढच्या कडेला टेकली, मागच्या कडेलाही टेकली. डाव्या बाजूला लावली. पुढची कड टेकली. मागच्या कडेत चांगलं बोट गेलं. गाडी नाकासमोर बघत होती आणि हे एक चाक बाहेर बघत होतं, उकिरड्याकडे.

निंबाला ओढत आणलं. "हे बघ! गाडी कुठे आपटली होतीस?"

"पाळधीजवळ दुभाजकावर मागचं चाक चढलं होतं... पण ते गेल्या साली. आणि नाना, दोरीचं काय घेऊन बसलात? वाकडं चाक मान्य. पण दात? वाकड्या चाकाला दात फुटतात?"

"फुटत असतील!"

"असतील म्हणजे? महाराजांनी दाखवले, तुम्ही 'असतील' म्हणता."

सुतळी हातात घेऊन कौतिक मूर्खासारखा उभा राहिला. आयुष्यभर खोटं इतक्या थाटात विकलं होतं त्यानं, की आता खरं हातात होतं तर गिऱ्हाईक मिळेना.

दुपारी दिपमाला त्याच्या ओसरीवर येऊन बसली. डोळे कोरडे. रडून झालेलं होतं.

"नाना, तुम्ही उगीच भांडू नका. मले वाटते, ते म्हणतात ते खरंच असेल."

"येडी झाली का तू?"

"त्या दिवशी मी पडले ना, महाराजांच्या गाडीजवळ. उठताना त्यांच्या मागच्या चाकाला हात धरला. बाहेरून आत सरकला हात माझा." ती आपल्या तळव्याकडे बघत होती. "तिथेही दात होते नाना. मी हात लावला, आणि तिथेही आले. मी रोज रक्त तपासते. लोकांचा आजार काचेखाली बघते. मग माझ्यातच काही असेल तर मला कसं दिसणार? मी जाते वेशीबाहेर. फक्त माझी पोर..."

हळूहळू, ज्याची गावातल्या सगळ्यांना भीती वाटायची ते हसू कौतिकच्या मिशीखाली उगवलं.

"पोरी, महाराज गाडीत कुठे बसतात ग?"

"मागे. डाव्या बाजूला. गादीवर."

"आणि दात कुठल्या चाकाला होते?"

दिपमालानं मान वर केली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत जीव दिसला.

अमावास्येला सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या गावांतूनही माणसं आली होती. महाराजांनी पूजेआधी जेवण लागतं असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी चालू होती. महाराज तुपात बुडालेली बट्टी फोडत होते. ड्रायव्हर दोन ताटं रिचवून लिंबाखाली घोरत होता. घराच्या मागच्या बोळात उभ्या असलेल्या महाराजांच्या गाडीशी कौतिक आणि चिंधा थोडी खुडबूड करत होते. कुणी लक्ष दिलं नाही. मंडपवाल्याकडे कोण लक्ष देतं?

"चाक आणा!" महाराज ढेकर देऊन आसनावर बसले.

"आणलं महाराज!" कौतिकनं चाक गडगडत आणून मधोमध ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं. दिपमालाला समोर बसवलं होतं. भूमिकाला भिकुबाईनं मागे घट्ट धरून ठेवलं होतं. पोर 'मम्मी' म्हणत नव्हती, नुसतीच ओढ घेत होती.

कौतिक हात जोडून म्हणाला, "महाराज, मी हसलो, माझी चूक झाली. पण परगावची माणसं आलीत. एकदा शेवटचं हात लावून सगळ्यांना सांगा. चुकून भलत्याच बाईला शिक्षा नको."

महाराज खूश. त्यांनी हात फिरवला, थरथरले, डोळे पांढरे केले. "अरारारा! पहिल्यापेक्षा खोल! गाडी उभी होती तरी खाल्लंय! ताजे दात!"

"नक्की याच बाईचे?"

"फुंकर महाराजाचा हात खोटं बोलत नाही!"

"म्हणजे या चाकावर जी व्यक्ती बसते, तिचंच हे काम?"

"तिचंच!"

"पुरुष असला तरी?"

"पुरुष असो, बाई असो, माझी सख्खी आई असो! या चाकावर जो बसला, त्याच्या अंगात ती आहे! त्याला वेशीबाहेर काढा!"

"ऐकलं ना रे सगळ्यांनी?" कौतिकनं गर्दीकडे पाहिलं. "आबा, तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं! बहिरा आहे का मी?"

"मग निंबा, जरा तुझी गाडी बघून ये. डावं चाक जागेवर आहे का."

निंबा गेला. मंडपाच्या पडद्यामागून त्याचा आवाज आला, "नाना! चाक गाडीलाच शे! काळा दोरा पण शे!"

मंडपात कुजबुज उठली.

"मग हे कुणाचं?" आबांनी विचारलं.

"मागच्या बोळात जा. महाराजांची गाडी स्टेपनीवर उभी आहे. वरण-बट्टी चालू होती तेव्हा मी आणि चिंध्यानं हे चाक काढलं." कौतिकनं आवाज चढवला. "हे महाराजांच्या गाडीचं मागचं डावं चाक! याच्यावर मखमलीची गादी आहे, आणि गादीवर कोण बसतं ते सगळ्यांनी बघितलंय. आता सांगा, वेशीबाहेर कुणाला न्यायचं?"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा मंडप फुटला. महाराज उठायला लागले, तर उपरणं चाकाखाली अडकलेलं. "कपट! हे कपट आहे! दुष्ट शक्तीनंच चाक बदललं!"

"दुष्ट शक्ती नाही महाराज, चिंधा आणि एक पाना."

पण कौतिकला नुसतं हसवून सोडायचं नव्हतं. हसणं संध्याकाळपर्यंत टिकतं, भीती उद्या परत येते, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं सगळ्यांना निंबाच्या गाडीपाशी नेलं, सुतळी लावली, आणि एकेकाला फटीत बोट घालायला लावलं. मग महाराजांच्या गाडीला लावली. तिथंही फट.

"आता आपापली चप्पल काढा," तो म्हणाला. "उलटी करा. आबा, तुम्ही पाय बाहेर टाकून चालता, बदकासारखे. तुमची टाच कुठे झिजलीय?"

आबांनी चप्पल उलटी केली. एका कडेनं पार गेली होती.

"तुमच्या टाचेवर कुठली डाकीण बसली होती? चाकाचंही तेच. दुभाजकावर आपटून मागचा दांडा वाकला. गाडी सरळ जाते, हे चाक बाहेर जायला बघतं. जाता येत नाही, म्हणून आडवं घासत जातं. रबराची प्रत्येक चकती एका अंगानं घासून गोल होते, दुसऱ्या अंगानं धार राहते. पेन्सिल एकाच बाजूनं घासून बघा घरी. म्हणून एकीकडून लोणी, दुसरीकडून करवत. दुकानवाल्यानं पुढचीच चाकं बघितली, आणि मशीन पुढच्यांबद्दल खरं तेच बोललं. मागच्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही."

निंबानं हातातली चप्पल खाली टाकली. "आणि दुभाजकावर आपटली तेव्हा..." तो थांबला. "तेव्हा दिपमाला गाडीत नव्हती. तेव्हा तर ती कामाला पण लागली नव्हती. भाऊ जिवंत होता."

भिकुबाईचा हात सैल झाला. भूमिका धावत आईच्या कुशीत शिरली. भिकुबाई पुढे आली, काही बोलायला तोंड उघडलं. दिपमाला म्हणाली, "आज नको माय. आज काही बोलू नका."

महाराज मागच्या दारानं निसटत होते. स्टेपनीत हवा नव्हती, हे चिंधा सांगायला विसरला होता. गाडी वेशीपर्यंत लंगडत गेली आणि बसली. गावकरी म्हणाले, सोडून द्या, लाज निघाली तेवढी पुरे. दिपमाला म्हणाली, "नाही." ती पोलीस ठाण्यात गेली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. भिकुबाईनं घराण्याच्या नावासाठी हात जोडले, तरी मागे घेतली नाही. "मी वेशीबाहेर निघाले होते तेव्हा घराण्याचं नाव कुठे होतं?" तिनं विचारलं. कौतिक साक्षीदार म्हणून गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी माणसासमोर सरळ बोलला.

आणि मग बाजाराचा दिवस आला.

जीवराम आबा शब्दाचे पक्के. नाडीची खाकी चड्डी, वर पांढरी टोपी, हातात काठी, पुढे निंबाचा तो गोटा टायर. धरणगावच्या बाजारात मिरच्या, भेंड्या, पोत्यांवरच्या डाळी, आणि त्यांच्यामधून आबा 'हुर्र' करत टायर पळवतायत. टायर एका बाजूला ओढ घ्यायचा, आबा त्याच्यामागे वांग्यांच्या ढिगात जायचे.

"आबा, पोटाला सांभाळा!"

"आबा, नाडी!"

"आबा, लायसन शे का?"

आबा घामाघूम होऊन थांबले ते दिपमालासमोर. ती पोरीला घेऊन भाजी घ्यायला आली होती. आबांनी काठी खाली ठेवली आणि दोन्ही कान धरले.

"चुकलो पोरी."

दिपमालानं त्यांना टोपीपासून चड्डीपर्यंत पाहिलं. "आबा, त्या दिवशी माझ्याकडे संशयानं बघायला पूर्ण धोतरात होते. माफीला अर्ध्या चड्डीत आले."

बाजार हसला. आबा हसले नाहीत. ते लोकांकडे वळले आणि मोठ्यानं बोलले, कुणी सांगितलं नव्हतं, पैजेतही ते नव्हतं.

"अरे, मी हात लावून बघितलं होतं! दोनदा! म्हणून मला वाटलं मी शहाणा. हात लावणं म्हणजे तपासणं नाही रे बाबांनो. बोचतंय ते खरं होतं. का बोचतंय, ते मी दुसऱ्याला विचारलं आणि त्यानं दाखवलं त्या बाईकडे बघितलं. तुम्ही असं करू नका. तुमच्या घरात काही झिजलं, काही बिघडलं, कुणी आजारी पडलं, तर आधी सुतळी लावा. माणसाकडे बोट मागाहून दाखवा. आणि सुतळी लावली, की बोट दाखवायची गरजच राहत नाही."

"आबा, अख्ख्या बाजारातून ठरलं होतं!" गर्दीतून कौतिक ओरडला. "भाषणानं अंतर कमी होत नाही!"

आबांनी त्याला एक सणसणीत शिवी दिली, चड्डी वर ओढली, आणि टायरला काठी मारली.